जुन्या काचेची साक्ष

पौड ओलांडून मुळशी धरणाकडे निघाले की उजव्या-डाव्या हाताला आता बरीच शेतघरे दिसतात. त्यांतल्या एका घरी दोन पावसाळ्यांपूर्वी मला आरसा पाहायला बोलावले होते. श्रावण चालू होता, भाताची खाचरे तुडुंब भरलेली होती. बैठकीच्या खोलीत भिंतीवर जवळजवळ माणसाएवढा आरसा टांगलेला होता. सोनेरी चौकट, माथ्यावर कलश, कलशाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या घंटेसारख्या फुलांच्या माळा आणि काचेला लागून मण्यांची एक बारीक ओळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या नमुन्याची ती चौकट पाहून मी जागीच थांबले. मग काचेकडे पाहिले. काच अगदी नवी होती.

जुन्या काचेचे काय झाले, असे विचारले. घरच्या बाई सहजपणे म्हणाल्या, “अहो, ती पार डागाळली होती. फ्रेमवाल्याने सांगितलं, पारा उडालाय, आता ठेवून उपयोग नाही. गड्याने गोठ्यामागे नेऊन ठेवली, तिथेच फुटली.” त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. गोठ्यामागच्या चिखलात मला चार तुकडे मिळाले. त्यांतला एक आज माझ्या टेबलावर बंद काचेच्या डबीत आहे. पुढून निळसर राखाडी, मागून साखरेसारखा चमचमणारा. पाऱ्याची काच होती ती. चौकटीइतकीच जुनी, आणि चौकटीपेक्षा जास्त बोलकी.

हे पुस्तक त्या तुकड्यामुळे लिहिले गेले. नव-अभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन घाट नव्याने उचललेल्या, शैलीच्या जुन्या आरशांची ओळख मराठीत करून द्यावी, तो आरसा कसा घडला, त्याच्या नक्षीचा अर्थ काय, तो आपल्याकडे कसा आला आणि आपल्या पावसात तो कसा टिकवायचा हे एका ठिकाणी सांगावे, एवढाच हेतू आहे. प्रस्तावनेत या सगळ्याचा सांगाडा मांडते, म्हणजे पुढची प्रकरणे वाचताना वाट चुकणार नाही.

‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’वरून आला. आपण ऐना म्हणतो, दर्पण म्हणतो, काच स्वच्छ असेल तर बिलोरी म्हणतो. आरसा आपल्या भाषेत नेहमीच खरे दाखवणारा राहिला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले, तेव्हा त्याला नाव दिले ‘दर्पण’. पुढच्याच वर्षी, १८३३मध्ये, त्याच शहरात टाउन हॉल बांधून पुरा झाला. रुंद पायऱ्या आणि त्यांच्या माथ्यावर ग्रीक डोरिक पद्धतीचे खांब असलेली ही इमारत आज एशियाटिक सोसायटीची म्हणून आपण ओळखतो. या पुस्तकातले आरसे ज्या शैलीचे आहेत, त्याच शैलीचे ते दगडी रूप आहे. ती शैली समजून घ्यायची असेल तर आधी इटलीत जावे लागते.

इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही दोन गावे गाडून टाकली. हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८मध्ये सुरू झाले, पॉम्पेईचे १७४८मध्ये. तोवर युरोपला प्राचीन रोम ठाऊक होते ते देवळांच्या आणि कमानींच्या अवशेषांतून. आता प्रथमच माणसांची घरे सापडली. रंगवलेल्या भिंती, तिवया, दिवे, भांडी, घराच्या कोपऱ्यातले देव, सगळे जसेच्या तसे. चित्रकार आणि वास्तुशिल्पी तिकडे धावले. जो तो मोजपट्टी घेऊन गेला, ही त्या पिढीची ओळख आहे. रॉबर्ट ॲडम हा स्कॉटिश वास्तुशिल्पी (१७२८–१७९२) इटलीत काही वर्षे राहिला, एड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या स्पालातो गावी जाऊन त्याने सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्याची मापे घेतली आणि १७६४मध्ये ती ग्रंथरूपाने छापली. स्टुअर्ट आणि रेव्हेट या जोडीने अथेन्सच्या वास्तूंची मापे घेतली. त्यांचा पहिला खंड १७६२चा.

या मोजमापातून घराच्या आतली मांडणी बदलली. त्याआधीचा आरसा रोकोको शैलीचा असे. त्यात शिंपले, लाटा, वाकड्यातिकड्या वेली, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला भलतेच. डोळ्याला विसावा म्हणून नाही. नव-अभिजात कारागिरांनी तो पसारा आवरला. सरळ रेषा, आयत किंवा लंबगोल, मधोमध उभी रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. चौकट बारीक झाली आणि काचेला मोठेपणा मिळाला. नक्षी कमी, पण प्रत्येक नक्षीला जागा ठरलेली. माथ्यावर कलश किंवा पदक, खालच्या कोपऱ्यांत वाटोळे फूल, आतल्या कडेला मणी, बाजूंना उभ्या पन्हळ्या. रॉबर्ट आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी १७७३पासून आपल्या कामांचे नकाशे छापायला सुरुवात केली. लाकडी सामान घडवणाऱ्या हेपलव्हाइटचे नमुनापुस्तक १७८८मध्ये निघाले, त्याच क्षेत्रातल्या शेरेटनचे १७९१पासून. फ्रान्समध्ये हीच हवा सोळाव्या लुईच्या काळात होती आणि नेपोलियनच्या काळात पर्सिए आणि फोंतेन या वास्तुशिल्पींनी तिला गरुड, विजयमाळा आणि मशाली यांचे लष्करी रूप दिले. गावोगावच्या सुतारांनी या पुस्तकांवरून काम केले. म्हणून एका जातीचा आरसा लंडनमध्येही सापडतो आणि लंडनपासून हजारो कोस दूरही सापडतो.

या आरशाची जागाही विचारपूर्वक ठरलेली असे. विजेच्या आधीचे घर डोळ्यांपुढे आणा. उजेड मिळायचा तो खिडकीतून किंवा मेणबत्तीतून. दोन खिडक्यांच्या मधली भिंत नेहमी काळोखी राहते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना झगझगीत प्रकाश असतो. तिथे उंच आरसा लावला की ती काळी पट्टी नाहीशी होते. दुसरी जागा शेकोटीच्या वर. आरशाच्या खालच्या कडेला मेणबत्त्यांचे हात जोडलेले असले म्हणजे एका ज्योतीच्या दोन होत. लंडनजवळच्या केनवुड हाउसच्या ग्रंथालयात ॲडमने खिडक्यांसमोरच्या कोनाड्यांत आरसे बसवले, म्हणजे बाहेरची हिरवळ खोलीच्या दोन्ही अंगांनी दिसावी. १८००च्या सुमारास एक वेगळा प्रकार लोकप्रिय झाला. गोल चौकट, तिच्यावर सोनेरी गोळ्यांची माळ, माथ्यावर पंख पसरलेला गरुड आणि मधे बाहेर फुगलेली काच. त्या फुगीर काचेत सबंध खोली मावते. जुन्या बाजारात आजही हा नमुना सर्वांत आधी नजरेत भरतो. त्याच्या विसाव्या शतकातल्या नकला मात्र पुष्कळ आहेत आणि त्या ओळखायला शिकावे लागते.

आता काचेकडे येते, कारण सगळ्यांत कमी लक्ष तिच्याकडेच जाते.

सतराव्या शतकापर्यंत चांगला आरसा म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचा. तो फुंकून केलेल्या काचेचा असे आणि फुंकण्याला माणसाच्या छातीची मर्यादा असते. फ्रान्सने १६६५मध्ये स्वतःचा राजकारखाना काढला. त्याच्याच आरशांनी व्हर्सायच्या राजवाड्यातले दालन सजले आणि १६८४मध्ये पुरे झाले. त्यात ३५७ आरसे आहेत. पुढे काच ओतण्याची कृती निघाली आणि १६९०च्या दशकात ती सँ-गोबँ येथे स्थिरावली. वितळलेली काच धातूच्या मोठ्या टेबलावर ओतायची, वरून जड लाट फिरवायची, हळूहळू थंड करायची, मग वाळू आणि पाणी घालून दोन्ही बाजू घासायच्या आणि शेवटी तांबड्या लोहभुकटीने झिलई द्यायची. या सगळ्याला दिवसच्या दिवस लागत. इंग्लंडने असा कारखाना रेव्हनहेडला उभारला तो १७७३नंतर. तोवर ॲडमच्या घरांतल्या मोठ्या काचा फ्रान्सहूनच येत. इंग्लंडात १७४६पासून १८४५पर्यंत काचेवर वजनाच्या हिशोबाने कर होता. त्यामुळे काच चौकटीपेक्षा महाग पडे. एक चौकट मोडली तर तिची काच कापून दुसरीत बसवत, आणि फार उंच आरसा हवा असेल तर दोन काचा एकावर एक जोडत. अशी सांध्याची आडवी रेघ दिसली तर तिला दोष समजू नका. ती त्या काळाची सही आहे.

काच झाली म्हणजे आरसा झाला असे नाही. तिच्या पाठीला कलई लागते. ही कलई कथिल आणि पारा यांची. सपाट दगडी टेबलावर कथलाचा ठोकून पातळ केलेला पत्रा अंथरायचा, त्यावर पारा चोळायचा, मग पाऱ्याचा थर ओतायचा आणि काच एका कडेने सरकवत त्यावर आणायची, म्हणजे मधे हवा अडकत नाही. वर वजने ठेवायची. टेबल हळूहळू तिरके करत जास्तीचा पारा निथळू द्यायचा. आरसा कोरडा व्हायला आठवडे जात. हे काम करणाऱ्यांना पाऱ्याची वाफ बाधे. हात कापू लागत, दात पडत, बुद्धीवर परिणाम होई. जर्मनीतल्या फ्युर्थ शहरात हा धंदा मोठा होता आणि तिथल्या कामगारांचे हाल एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकाने नोंदवून ठेवले आहेत. सोनेरी चौकटीकडे पाहताना त्या हातांची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५मध्ये चांदीचा पातळ थर काचेवर बसवणारी रासायनिक क्रिया दाखवली आणि १८५०च्या दशकात ती आरशांसाठी उपयोगात आणण्याजोगी केली. तरी पाऱ्याचा धंदा लगेच थांबला नाही. विसावे शतक उजाडेपर्यंत तो रेंगाळला.

म्हणून पाठीमागची कलई पाहून आरशाचे वय बरेचसे सांगता येते. पाऱ्याच्या आरशातली प्रतिमा थंड, किंचित निळसर दिसते. चांदीची प्रतिमा उजळ आणि उबदार. चांदीच्या पाठीवर बहुधा रंगाचा किंवा लाखेचा हात असतो; पाऱ्याची पाठ उघडी, राखाडी आणि चमचमती. काचेवर पेन्सिलीचे टोक टेकवले तर टोक आणि त्याची प्रतिमा यांच्यात जे अंतर दिसते, त्यावरून काचेची जाडी कळते. चारही कोपऱ्यांत ते अंतर वेगळे भरले तर काच हाताने घासलेली असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे प्रत्येक जुना आरसा ‘बेल्जियमचा’ असतो. हा शब्द आपल्या घरांत उत्तम काच या अर्थाने रुळला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडून आलेल्या काचेचा तो वारसा आहे. पण नाव ऐकून थांबू नये, आरशाची पाठ पाहावी.

चौकटीचे शास्त्रही तितकेच रसाळ आहे. आत देवदाराच्या जातीचे हलके लाकूड. त्यावर खडू आणि सरस यांचे लेप, एकावर एक, आठ-दहा वेळा. लेप वाळला की कोरणीने पुन्हा धार द्यायची. मग तांबड्या चिकणमातीचा हात, आणि त्यावर पाण्याच्या ओलीने सोन्याचा वर्ख. वर्ख बसला की अकिकाच्या दगडाने घोटायचे. घोटलेल्या जागा लखलखतात, न घोटलेल्या मंद राहतात आणि मेणबत्तीच्या उजेडात नक्षी हलल्यासारखी वाटते. झिजलेल्या कडांवर सोन्याखालून तांबडे दिसते ते या मातीमुळे. ॲडमच्या काळात आणखी एक युक्ती आली. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा लगदा करून तो साच्यात दाबायचा आणि निघालेली फुले, माळा, मणी लाकडावर चिकटवायचे. बारीक माळा तारेवर उभ्या करत. हातकोरीव कामाचा खर्च त्यामुळे वाचला आणि मध्यम ऐपतीच्या घरातही कलश आणि माळा आल्या.

हे सारे परक्या देशाचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे एखाद्या वाचकाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसेच वाटे. पण तपशिलात गेल्यावर हा परकेपणा दर पानागणिक कमी होत गेला.

पहिली गोष्ट पुण्याचीच. १७८६पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पेशवे दरबारी होता. त्याच्या आमंत्रणावरून जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२मध्ये पुण्याला आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली, शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि तिथे गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर तयार झाला. या गंगारामने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. ॲडम स्पालातोला मोजपट्टी घेऊन गेला आणि त्याच्यानंतरच्या पिढीत एक पुणेकर तांबट वेरूळला कागद-पेन्सिल घेऊन गेला. प्राचीन वास्तू मोजून, रेखून समजून घेण्याची ती एकच लाट होती आणि ती आपल्या अंगणापर्यंत आली होती. त्याच शनिवारवाड्यात जुना आरसे महाल होता. २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. महालाचे नाव उरले, आरसे उरले नाहीत.

दुसरी गोष्ट मराठी संस्थानिकांची. ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. जयाजीराव शिंद्यांनी १८७४मध्ये बांधून घेतलेल्या जयविलास राजवाड्याचे मजले टस्कन, डोरिक आणि कॉरिंथियन अशा तीन युरोपीय पद्धतींचे आहेत. त्याचा शिल्पी मायकेल फिलोज. दरबार दालनातली दोन प्रचंड झुंबरे जगप्रसिद्ध आहेत, आणि झुंबर आले की त्याला दुप्पट करणारा आरसा ओघाने येतोच. अशा दालनांचे लहान प्रतिबिंब मग सरदारांच्या, सावकारांच्या, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत उतरले. हंड्या, झुंबरे, तसबिरी आणि सोनेरी चौकटीचे आरसे हा आपल्या जुन्या दिवाणखान्याचा ठरलेला साज झाला. तिथे एक सुंदर बदलही घडला. युरोपात आरसा टेबलाच्या उंचीपासून वर चढे, कारण माणसे खुर्चीवर बसत. आपल्याकडे बैठक जमिनीवर, गादी-तक्क्यांची. म्हणून आरसा उंच टांगून वरच्या बाजूने पुढे झुकवला जाई, म्हणजे खाली बसलेल्यांना तो दिसे. भिंतीवरचा जुना खिळा पाहूनसुद्धा घरातली माणसे कशी बसत हे सांगता येते.

आपल्या सुतारांना या नक्षीत अनोळखी असे काही वाटले नसावे, असे माझे मत आहे. कलश आपल्या प्रत्येक मंगलकार्यात आहे. दारावर तोरण आहे, मण्यांची ओळ दागिन्यात आहे, पाकळ्यांचे गोल फूल देवळाच्या छतावर आहे. मुळशीच्या शेजारी, मावळात, कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांचे तळ पाण्याच्या घटासारखे कोरलेले आहेत आणि काही खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे ब्राह्मी लिपीत आहेत. भूमध्य समुद्राकडच्या जगाशी सह्याद्रीचे बोलणे दोन हजार वर्षांपूर्वी चालू होते, हे त्या दगडावर लिहिलेले आहे.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकल्यावर मी हे पुस्तक अर्धवट सोडू शकले नाही. पॉम्पेईत १९३८मध्ये हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. ती उघड उघड भारतीय घडणीची होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि ‘पॉम्पेई लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाते. तिच्या डोक्यात वरून खाली गेलेले भोक आहे. त्यामुळे बराच काळ अभ्यासक तिला आरशाची मूठ समजत. आता पुष्कळजण तिला लहान तिवईचा पाय मानतात. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. तेरच्या मूर्तीलाही आरशाची मूठ मानले गेले आहे. म्हणजे ज्या शहराच्या उत्खननाने युरोपच्या आरशांची चौकट बदलली, त्याच शहरात राखेखाली आपल्या कारागिरीची ही लेक झोपलेली होती. ॲडमला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्यावर कलशाच्या चौकटीकडे पाहण्याची नजर बदलते.

शेवटचा विषय पावसाचा, आणि तो मला मुळशीने शिकवला. ताम्हिणीच्या घाटात पडणारा पाऊस राज्यातल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी आहे. जून ते सप्टेंबर भिंती घाम धरतात, कपाटातले कपडे भुरा धरतात. गेल्या काही वर्षांत शहरातून, जुन्या वाड्यांतून, मोडलेल्या बंगल्यांतून निघालेले सामान या बाजूच्या शेतघरांत आणि विश्रामगृहांत आले आहे. आरसे त्यात आहेत. थंड, कोरड्या घरासाठी घडवलेली ही वस्तू इथे वर्षातले चार महिने ओल्या हवेत राहते. दमट हवेत चौकटीचे लाकूड फुगते, खडू-सरसाचा लेप तितका फुगत नाही, म्हणून तो तडकतो आणि सोन्यासकट पापुद्रे निघतात. कलईतले कथिल हवेशी संयोग पावून पांढुरके होते, मोकळा पारा हळूहळू खाली उतरतो आणि खालच्या कडेला डाग दाट होतात. हीच ती ‘पारा उडाला’ म्हणून फेकली जाणारी काच.

अशा काचेला हात लावण्याआधी थोडे थांबावे. आरसा बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नये. आतल्या भिंतीवर, मागे बोटभर हवा खेळेल अशा लाकडी ठोकळ्यांवर टांगावा. ऊन थेट पडू देऊ नये. काचेवर पाणी किंवा साबण शिंपडू नये; कोरडे मऊ कापड पुरते. शिंपडलेले पाणी खालच्या खोबणीत उतरते आणि तिथूनच कलई खायला सुरुवात होते. चौकटीवर बाजारी सोनेरी रंग मारू नये. तो काही वर्षांत काळपट हिरवा पडतो आणि खालचा खरा वर्ख कायमचा बुडवतो. पाऱ्याच्या आरशाची पाठ खरवडू नये, त्याला ऊब देऊ नये, आरसा आडवा ठेवू नये, आणि फुटलाच तर मुलांना दूर ठेवून, हातमोजे घालून, तुकडे बंद डब्यात भरावेत. पारा विषारी आहे, हे विसरून चालणार नाही. स्वच्छ तोंड दिसणारा आरसा हवाच असेल तर जुनी काच काढून, कागदात नीट बांधून, कपाटामागे उभी ठेवावी आणि तिच्यावर तारीख आणि घराचे नाव लिहावे. कलई पुन्हा लावून घेणे हा मात्र शेवटचा उपाय समजावा. लावलेली कलई परत काढता येत नाही आणि गेलेला पुरावा परत येत नाही.

मुळशी तालुक्यात राहून जुन्या वस्तूंबद्दल लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. १९२१मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने इथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तीन वर्षे तो लढा चालला. धरण तरीही झाले, आणि गावे पाण्याखाली गेली. त्या दुःखाशी एका आरशाची बरोबरी करण्याचा विचारही मी करणार नाही. पण घर जाते तेव्हा त्यातली वस्तू टिकते ती कोणीतरी उचलून सोबत नेली म्हणूनच, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून मला कळले. काय उचलायचे हे कळण्यासाठी वस्तूची ओळख असावी लागते. हे पुस्तक त्या ओळखीसाठी आहे.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिल्या भागात शैलीचा इतिहास आणि नक्षीचा कोश आहे. दुसऱ्या भागात काच, कलई आणि चौकट यांची घडण. तिसऱ्या भागात महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराण्यांतल्या दालनांचा मागोवा. चौथा भाग निगराणीचा, आणि तो वेगळा छापून घराघरांत वाटला तरी मला आनंदच होईल. ज्या घरांनी मला आपले आरसे भिंतीवरून उतरवून त्यांची पाठ पाहू दिली, ज्या सुतारांनी आणि फ्रेमवाल्यांनी आपली हत्यारे हातात देऊन दाखवले, त्या सर्वांची मी ऋणी आहे.

वाचकाला एकच विनंती. घरात जुना आरसा असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत तो दोघांनी मिळून जपून उतरवा, उभाच भिंतीला टेकवा आणि पाठ पाहा. राखाडी, चमचमती कलई दिसली तर काच बदलू नका. तिच्यात तुमचा चेहरा थोडा अंधुक दिसेल, तरीही ती ठेवा.